चौदा जणांचं एक यंत्र

ऱ्हाइनक्लिफ, हडसनकाठ
८ मार्च १९७६

प्रिय आराक्सी,

काल दुपारी नदीवरचा बर्फ फुटला. आम्ही सूप पीत होतो आणि बाहेर असा काही कडाड आवाज झाला की माझी बहीण कॉर्नेलिया म्हणाली, “अल्मरॉन, बघ, दारात कोणीतरी आलंय.” मी खिडकीतून पाहिलं आणि म्हणालो, “वसंत आलाय.” ती म्हणाली, “मग त्याला पाय पुसून आत यायला सांग.” एकाहत्तराव्या वर्षी घरात एवढंच कौतुक वाट्याला येतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. मंगळवारी पोकीप्सीला न्हाव्याकडे गेलो होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कंपनीच्या बातम्या मला त्या खुर्चीतच कळतात. न्हावी म्हणाला, हार्लन स्टाइव्ह्ज तुमचं वोबर्नचं ऑफिस बंद करणार आहे. हा स्टाइव्ह्ज एके काळी माझ्या हाताखाली तारा जोडत असे. आता उपाध्यक्ष आहे. खरं आहे का गं हे? तुमचं आभासी यंत्रांचं कामही बंद?

माझा तर विश्वास बसेना. आमच्या पिढीला विचार. चांगल्या दिवाणखान्याएवढं यंत्र, आणि एका वेळी एकाच माणसाचं काम करणार. बाकीच्यांनी कार्डांचे गठ्ठे छातीशी धरून रांगेत उभं राहायचं; आज विचारलेल्याचं उत्तर उद्या. आणि तुम्ही पोरापोरींनी त्याच यंत्राला असं काही शिकवलंत, की तारेच्या टोकाला टाईपरायटर घेऊन बसलेल्या प्रत्येकाला वाटावं, अख्खं यंत्र माझ्या एकट्याचं. आमच्या एका खोलीच्या शाळेत मिस व्हॅन बेन्सकोटन स्वतः कविता रचायच्या आणि आमच्याकडून घोकून घ्यायच्या. त्यातली ही मला तुमच्या कामाकडे पाहिलं की हटकून आठवते:

तळे एक अन् चंद्र एकटा, ओंजळ ज्याची त्याची;
ज्याला त्याला मिळे पौर्णिमा अख्खी एकट्याची.

अशी गोष्ट कोणी बंद करतं का? सविस्तर लिही.

तुझा,
अल्मरॉन टरविलिगर


वॉटरटाउन, मॅसॅच्युसेट्स
१९ मार्च १९७६

प्रिय मिस्टर टरविलिगर,

न्हाव्याला बक्षीस द्या. बातमी खरी आहे.

स्टाइव्ह्ज गुरुवारी आला. आम्हाला उपाहारगृहात जमवलं. टेबलावर डोनट मांडले होते, तेव्हाच मी ओळखलं. ही कंपनी आनंदाच्या बातमीला कधी कोणाला खायला घालत नाही. तो म्हणाला, सप्टेंबरपर्यंत सगळ्यांनी पोकीप्सीला या आणि मोठ्या प्रणालीच्या कामाला लागा, नाहीतर आपापला मार्ग धरा. आभासी यंत्राचं काम गुंडाळायचं. का, तर कॅलिफोर्नियातले लोक हुबेहूब आपल्यासारखी यंत्रं स्वस्तात विकायला लागलेत, आणि इथे शेजारी जुन्या घोंगड्यांच्या गिरणीत बसलेले ते लहान यंत्रं बनवणारे आपली गिऱ्हाइकं पळवतायत. तेव्हा प्रत्येक हुशार डोकं एका जागी हवं. आमचा मुख्य, ल्यूकस ट्रॅस्क, म्हणाला, “पण साहेब, गिऱ्हाइकांना हे फार आवडतं.” स्टाइव्ह्ज म्हणतो, “ल्यूकस, गिऱ्हाइकांना आइसक्रीमही आवडतं.”

मग त्यानं एक जुना अहवाल हवेत हलवून दाखवला. नऊ पानी. म्हणे, ही सगळी व्यवस्था धोक्याची आहे हे कोणा जाणत्या माणसानं फार पूर्वीच सिद्ध केलंय. वाचून दाखवला नाही, नावही सांगितलं नाही. कोण हो हा शहाणा? तुमच्या तिकडे ओळखी आहेत, जरा शोधा. सापडला तर त्याला माझ्या आईच्या हवाली करू. आई आठ भाडेकरू सांभाळते आणि घरात न्हाणीघर एकच. तिला मी आमचं काम समजावलं तर म्हणाली, “यात काय मोठंसं? प्रत्येक भाडेकरूला वाटतंच की न्हाणीघर आपलं. युक्ती एवढीच, कोणाला दुसऱ्याचा टॉवेल दिसता कामा नये.” अहो, आमच्या दहा वर्षांच्या कामाचं सार तिनं टॉवेलात गुंडाळून दिलं!

एक आशा आहे. वापरणाऱ्यांच्या संघटनेनं इतका आरडाओरडा केला, की १४ मेला पोकीप्सीत सुनावणी ठेवलीय. त्या दिवशी ठरेल, हे जगणार की जाणार. गिरणीवाले मला दर आठवड्याला फोन करतात. मी म्हणते, १४ मेनंतर करा.

तुमची,
आराक्सी बोयाजियन


ऱ्हाइनक्लिफ
२ एप्रिल १९७६

प्रिय आराक्सी,

उत्तराला उशीर झाला. इकडे मेपलांना लाल डिऱ्या फुटल्यात आणि पलीकडच्या किंग्स्टनच्या टेकड्या अशा दिसतात की जणू कोणी पाटी अर्धवट पुसून ठेवलीय. या दिवसांत मिस व्हॅन बेन्सकोटन आम्हाला वर्ग सोडून कुंपणाशी नेत आणि एकेकाला कविता म्हणायला लावत. थंडीनं दात वाजायचे, त्यामुळे सगळ्या कविता एकाच चालीत व्हायच्या.

तुमच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी आलो होतो ते आठवतं. काही टाईपरायटरना लाल लोकरीचा धागा बांधला होता, काहींना हिरवा, काहींना पिवळा. आणि कोणी यंत्र थांबवायला निघालं की आधी मोठ्यानं विचारायचं, “मी कुठल्या मजल्यावर?” शेजारच्यानं धागा बघून सांगायचं, “तिसऱ्या!” मला ते फार गोड वाटलं. कामाच्या जागी बायकांचा हात फिरला की अशी शोभा येते.

अहवालाचं म्हणशील, तर अहवाल काय, कोणीतरी लिहितं, कोणीतरी फडताळात टाकतं. लिहिणाऱ्याच्या नावाला एवढं काय महत्त्व? (कॉर्नेलिया खांद्यावरून वाचतेय. म्हणते, “नावाला महत्त्व नसतं तर खाली सही कशाला करतोस?” तिला चष्मा घेऊन दिला ही माझी चूक.)

तुम्ही नेटानं बाजू मांडा. सत्य टिकतंच.

तुझा,
अल्मरॉन टरविलिगर


वॉटरटाउन
९ एप्रिल १९७६

मिस्टर टरविलिगर,

ट्रॅस्कला काल तो अहवाल हातात मिळाला. पहिलं वाक्य असं आहे: “१५ जून १९६७ रोजी एका अनोळखी पाहुण्याने एका टाईपरायटरवरून चार मिनिटांत अख्खे यंत्र बंद पाडले व चौदा जणांचे काम बुडाले.” पुढे लिहिलंय, “ज्या घरात एक माणूस वेडा झाल्याने आठही भिंती कोसळतात, त्या घरात कोणी राहू नये.”

आठ भिंती! असं वाक्य या कंपनीत अष्टकोनी घरात राहणारा एकच माणूस लिहू शकतो. त्या दिवशी पाहुणेही तुम्हीच होतात.

नऊ वर्षं तुम्ही मला नाताळला मेपलचा पाक पाठवता. नऊ वर्षं चंद्र आणि ओंजळ. आणि हे असं लिहून ठेवलेलं होतं. मी विचारलं तेव्हाही तुम्ही मला मेपलच्या डिऱ्या दाखवल्यात.

यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आ. बोयाजियन


ऱ्हाइनक्लिफ
१२ एप्रिल १९७६

आराक्सी,

मीच लिहिला. फाडून टाकावं असं पत्र तू लिहिलंस आणि ते मी चार वेळा वाचलं. आता ऐक, मग हवं तर लिहू नकोस.

त्या वेळचे दिवस तुला ठाऊक नसतील, तू चोवीस वर्षांची होतीस. तुमच्या तिकडच्या, नदीकाठच्या त्या बड्या विद्यापीठानं आमचं यंत्र नाकारून दुसऱ्या कंपनीचं घेतलं होतं. का, तर त्यांना एका यंत्रावर अनेक माणसं एकदम बसवायची होती आणि आम्हाला ते जमत नव्हतं. वरच्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मग आमच्याकडे शेकडो माणसं कामाला लागली, मीही त्यात. ते काही उभं राहीना. आणि केंब्रिजच्या तुमच्या तेव्हाच्या ऑफिसात, एका कोपऱ्यात, तुम्ही डझनभर पोरं, कोणी न सांगता, कोणी न विचारता ते करून बसलात. मला पाठवलं तपासायला.

तू म्हणालीस, “बसा, आणि मोडून दाखवा.” मी थांबवायचा हुकूम टाईप केला. लगेच सगळ्या खोल्यांतून आरडाओरडा. कोणी म्हणतंय वीज गेली, कोणी देवाचं नाव घेतंय. जे डोळ्यांनी पाहिलं ते मी लिहिलं.

त्यानंतर मी पाहतोय. विमानं बांधणारे तुमच्या व्यवस्थेवर पंख आखतात, विद्यापीठांत पोरं शिकतात, महिनोन् महिने ती पडत नाही. तुम्ही काहीतरी दुरुस्त केलं असणार असं मी समजत आलो. माझ्या आयुष्यात मी सर्किटं जुळवली. तुम्ही लोखंडाला कल्पना करायला शिकवलंत. हे मी मनापासून म्हणत आलो, पाकाबरोबर खोटं पाठवलं नाही. नाव मात्र लपवलं. लाज वाटली.

पण सुनावणीत स्टाइव्ह्जनं विचारलं, “त्या दिवशी यंत्र पडलं की नाही?” तर मी काय सांगू? पडलं. मी नाही कसं म्हणू, आराक्सी?

अल्मरॉन


वॉटरटाउन
१ मे १९७६

प्रिय मिस्टर टरविलिगर,

तीन आठवडे लागले. रोज एक पत्र लिहिलं आणि रोज आईच्या चुलीत घातलं. आई म्हणाली, “अगं, लाकूड स्वस्त पडेल.”

सोबतचा कागद आधी पाहू नका. आधी हे वाचा.

नवी व्यवस्था तपासायची तर आम्ही तिला जुनीच्या आत, आभासी यंत्रावर चालवतो. तिच्या आत आणखी एक. मजल्यांसारखं, पण खाली खाली जाणारं. जमिनीवर खरं यंत्र. तळघरातलं पडलं तरी जमिनीवरच्याला कळू नये. त्या दिवशी सकाळपासून मी मुख्य टाईपरायटरवर बसून खालीवर करत होते. तुम्हाला बसवलं तेव्हा माझ्या हिशोबानं आपण दोन मजले खाली होतो. पण मिनिटभरापूर्वी आतली व्यवस्था आपणहून बंद झाली होती आणि मी जमिनीवर आले होते. टाईपरायटरनं तशी ओळ छापली होती. तुम्ही दारात आलात, मी तुमच्या कोटाकडे पाहत होते, ती ओळ मी वाचली नाही.

म्हणजे तुम्ही पाहुण्याच्या खुर्चीतून काही मोडलंच नाहीत. तुम्हाला मी मालकाच्या खुर्चीत बसवलं आणि मालकानं घर बंद केलं. व्यवस्थेत तेव्हाही खोट नव्हती.

सगळे वीज बघायला पळाले, तेव्हा मी टाईपरायटरमधला कागद फाडला आणि घडी करून कपड्यांत लपवला. त्या खोलीत मी एकटी मुलगी होते. मला कार्डं टोचायच्या खोलीतून वर आणताना दोघांनी उघड सांगितलं होतं, हिला महिनाभरात परत पाठवावं लागेल. मला परत जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य टाईपरायटरला लाल धागा बांधला. ती शोभा नव्हती. बांधला तो माझ्या भीतीनं. मग इतरांनी हिरवे, पिवळे बांधले, आणि मोठ्यानं विचारायची रीत पडली. कोणी मला कधी विचारलं नाही, हे सुरू का केलंस.

तुमच्यावर चिडले, कारण तुमच्या अहवालाचा पाया माझी चूक आहे हे पहिल्या वाक्यातच कळलं. चिडणं सोपं पडलं.

कागद तुम्हाला देते. जाळा किंवा न्या.

आराक्सी


ऱ्हाइनक्लिफ
५ मे १९७६

प्रिय आराक्सी,

कागद खिडकीशी धरून वाचला. घडीवर फाटायला आलाय. डावीकडे चौदा जणांची नावं, कोण किती वाजता बसलं. पाहुण्याच्या आभासी यंत्रावर फक्त माझं एकट्याचं नाव आलं असतं. खाली ती ओळ: आतली व्यवस्था बंद झाली. त्याखाली माझा हुकूम, एका अक्षराची चूक दुरुस्त केलेली. शाळेतलं पोर असतं, तरी त्यानं अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं.

आता माझं ऐक. तेहतीस वर्षं मी कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला एकच धडा दिला: यंत्र पडलं तर आधी कागद वाच, मग तोंड उघड. स्टाइव्ह्जलाही मीच शिकवला. त्या दिवशी मी कागद मागितला नाही. का मागितला नाही, ते मला आज कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. आमचे शेकडो लोक हरत होते आणि मला तुम्ही पडायला हवे होतात. पडलात. मी टोपी घातली आणि पाच वाजून दहाची गाडी पकडली. कागद वाचला असता तर मला तुमचं कौतुक लिहावं लागलं असतं.

तेव्हा असं करू. मी समितीपुढे जातो आणि सांगतो, चुकीच्या खुर्चीत मी बसलो, माझ्या हट्टानं बसलो. तुझं नाव घेत नाही. कागद मला कुठे मिळाला ते सांगायला मी बांधील नाही. माझं आता काय जाणार आहे? फार तर न्हावी हसेल. तुझी नोकरी अजून तीस वर्षं आहे.

कॉर्नेलियाला सांगितलं. तिनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “त्या मुलीला जेवायला बोलव.”

तुझा,
अल्मरॉन


वॉटरटाउन
८ मे १९७६

प्रिय अल्मरॉन,

नाही. नऊ वर्षं माझी चूक तुमच्या नावावर आमच्या व्यवस्थेच्या गळ्यात पडून होती. आता ती पुन्हा तुमच्या गळ्यात? तुमची तुम्ही सांगा, माझी मी सांगते. आणि नुसतं सांगून भागणार नाही. ट्रॅस्कला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मी तेव्हा वीज कंपनीशी उगाच भांडलो.” सुनावणीच्या खोलीत टाईपरायटर आणि टेलिफोनची तार लावून घ्यायची परवानगी त्यानं काढलीय.

कागद घेऊन या. इस्त्री करू नका.

आराक्सी


वॉटरटाउन
१६ मे १९७६

प्रिय अल्मरॉन,

बोलायला दोन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत! तुम्ही बाहेर आलात, मी आत गेले, आणि बाहेर येते तो तुमची बहीण तुम्हाला गाडीत कोंबत होती. तेव्हा आतलं सांगते.

लांब टेबल, सहा माणसं, सगळ्यांचे सदरे पांढरे. माझी चूक मी पहिल्या तीन वाक्यांत सांगून टाकली. तुम्ही दिलेला कागद त्यांच्यापुढे होताच. स्टाइव्ह्ज म्हणाला, “बाई, म्हणजे आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?” म्हटलं, “माझ्या शब्दावर नको. इथे बसा, आणि मोडून दाखवा.”

तो हसला. पण सगळे बघत होते, म्हणून कोट काढून बसला. तार वोबर्नच्या आमच्या यंत्राला जोडलेली. त्या क्षणी त्यावर एकतीस जण काम करत होते. मी त्याला एक मजला खाली नेलं, मग दुसरा, मग तिसरा. टाईपरायटरला पिवळा धागा बांधला आणि सांगितलं, “आमच्याकडे आधी विचारायची रीत आहे.” उपाध्यक्ष हो, कानाच्या पाळ्या लाल, तोंडातल्या तोंडात पुटपुटला, “मी कुठल्या मजल्यावर?” मी म्हटलं, “मोठ्यानं.” टेबलाच्या टोकाचे एक पांढरे केसवाले खो खो हसले. मी म्हटलं, “तिसऱ्या. करा आता.”

त्यानं हुकूम टाईप केला. टाईपरायटर मेला. आवाज नाही, हालचाल नाही. अल्मरॉन, त्या माणसाचा चेहरा! तारा जोडणारा पोरगा कसा दिसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं. म्हणाला, “किती... किती माणसं होती म्हणालात?”

“एकतीस. टेलिफोन करून विचारा.”

फोन त्यानंच केला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून कानापासून लांब धरला. तिकडून ट्रॅस्क: “काय झालं? कुठे काय झालं? इथे काही नाही. एकानं कॉफी सांडलीय, तोच ओरडतोय.”

मी दुसऱ्या मजल्यावरून त्याचं यंत्र पुन्हा उठवलं. अकरा सेकंद लागले. पांढरे केसवाले उठून टाईपरायटरपाशी आले आणि म्हणाले, “मला खाली नेता का?” त्यांनी स्वतः चार वेळा मोडून पाहिलं. मग लहान मुलासारखं म्हणाले, “आणखी एकदा.”

माझ्याआधी तुम्ही आत काय सांगितलंत? ते कोणी मला सांगितलं नाही.

आराक्सी


ऱ्हाइनक्लिफ
२१ जून १९७६

प्रिय आराक्सी,

निकालाची वाट बघून लिहायचं ठरवलं होतं. तुलाही पत्र आलं असेल. तरी माझ्या हातानं लिहितो, कारण अर्धं वाचून मी अंगणात टोपी उडवली आणि उरलेलं वाचून ती उचलायला गेलो नाही.

व्यवस्था जगणार. वोबर्नचं ऑफिस बंद, तुमच्यापैकी बहुतेकांची पांगापांग. पण आठ जणांची तुकडी पोकीप्सीला राहणार आणि काम पुढे चालवणार. आठ जणांत तुझं नाव नाही.

मी तसाच स्टाइव्ह्जच्या ऑफिसात गेलो. तो उठून उभा राहिला, ते एक बरं केलं. म्हणाला, “अल्मरॉन, तिनं कागद फाडला आणि नऊ वर्षं लपवला. तिच्या हातात मुख्य टाईपरायटर कसा देऊ?” मी म्हटलं, “कागद वाचलाच नाही त्याला तुम्ही नऊ वर्षं मान आणि सहा वर्षं पेन्शन दिलीत. तिनं निदान जपून तरी ठेवला.” तो पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, “नियम म्हणजे नियम.” त्याला नियम मीच शिकवले, हे मला त्या वेळी फार लागलं.

समितीपुढे मी काय बोललो विचारतेस. थोडंच. मी कागद वाचला नाही आणि का वाचला नाही, ते सांगितलं. स्टाइव्ह्ज म्हणाला, “ही व्यवस्था आपल्या यंत्रावर जशी चालते तशी कॅलिफोर्नियावाल्यांच्याही यंत्रावर चालते. आपण त्यांच्यासाठी का राबायचं?” मी म्हटलं, “हार्लन, म्हणजे ही तुझ्या यंत्रापेक्षा जास्त दिवस जगणार. लोखंड गंजतं, भाव उतरतात, कंपन्या येतात आणि जातात. यंत्राला ‘तू आहेस त्याहून जास्त हो’ असं सांगणारी ही पहिली गोष्ट मी पाहिली. असं काही आपल्या हातून जन्मलं तर माणसानं टोपी काढावी.” मग मला खोकला आला आणि भाषण तिथेच संपलं. कॉर्नेलियाच्या मते खोकला वेळेवर आला.

जुन्या अहवालाला मी दहावं पान जोडलंय. त्यात माझी चूक माझ्या नावानं, तुझी तुझ्या नावानं, आणि त्याखाली: “दोघांपैकी नंतर उपाय शोधला तो फक्त तिने.” आठ जण धागे ठेवणार आहेत. मी दर मंगळवारी जाणार, नव्या मुलांना कागद वाचायला शिकवणार. तुला न विचारता तुझी गोष्ट पहिल्याच तासाला सांगणार. रागावलीस तरी सांगेन.

तू कोणाचं भलं केलंस ते त्या आठ जणांना ठाऊक आहे. तू आता काय करणार?

तुझा,
अल्मरॉन


वॉटरटाउन
६ नोव्हेंबर १९७६

प्रिय अल्मरॉन,

रागावले नाही. मुलांना सांगा, आणि माझा कोट बघण्याचा भाग गाळू नका. तो खरा धडा आहे.

जुलैत तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी आईनं वरच्या मजल्याचं न्हाणीघर घासायला लावलं. पाचव्या दिवशी गिरणीवाल्यांचा फोन आला. वोबर्न बंद झाल्यावर, सप्टेंबरअखेर, मुलाखतीला गेले; त्यांनी विचारलं, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? मी कागदासकट सगळं सांगितलं, कंपनीनं का ठेवलं नाही तेही. तो माणूस शर्टाच्या बाह्या सरसावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सोमवारी येता?”

ऑक्टोबरपासून तिथे आहे. गिरणीच्या जमिनीत अजून लोकरीचं तेल मुरलेलं आहे, पावसाळी हवेत मेंढीचा वास येतो. कोट कोणी घालत नाही. तुमचे आठ जण चांगले आहेत, पण त्यांना सांगा, झोपू नका. आता मी पलीकडे आहे आणि तुमच्याविरुद्ध लढायचा मला पगार मिळतो. तुम्ही मला पाक पाठवायला हरकत नाही; तो शत्रूलाही चालतो. नाताळात येईन, कॉर्नेलियाबाईंना सांगा, जेवायलाच येईन.

इथली यंत्रं लहान आहेत, कपाटाएवढी. प्रत्येक खोलीला एक, आणि ती माणसं त्यांना मुलांसारखी जपतात. फार हुशार लोक आहेत. पण अल्मरॉन, यांना अजून वाटतं की एका कपाटात एकच यंत्र मावतं. मी महिनाभर गप्प बसून ऐकलं. परवा सोमवारी मला अर्धा तास बोलायला दिलाय.

तुमची,
आराक्सी